चमत्काराच्या धड्यात शुभवर्तमान हरवू देऊ नका

प्रति,
धर्मशिक्षण मंडळाचे सदस्य, धर्मग्रामांतील फादर व सिस्टर आणि माझ्यासारखेच दर रविवारी वर्गावर जाणारे धर्मशिक्षक,

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते आहे. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेणारी, मुले घेतली, श्रद्धा पक्की करणाऱ्या दृढीकरण संस्काराची घेतली, मधल्या इयत्ताही घेतल्या. हे पत्र लिहायला कारण झाले ते एका वहीचे शेवटचे पान.

वही पाचवीतल्या मुलीची. वर्ग सुटल्यावर बाकीची मुले पळाली, ही मागे राहिली. तिने वही उलटी करून शेवटचे पान माझ्यापुढे धरले. पानभर पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, त्यांच्यावरून एक आडवी, असे पाचापाचांचे गठ्ठे. प्रत्येक रेघ म्हणजे तिने एकटीने बसून म्हटलेली एक रोझरी, जपमाळेची प्रार्थना. तिची आई कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली होती. मुलीने मला विचारले, "टीचर, अजून किती झाल्या की पुरे होतील?"

आदल्याच रविवारी मी रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचा धडा घेतला होता. पुस्तकात तो सहा ओळींत आहे. बाई आजारी होती, तिने येशूच्या वस्त्राला हात लावला, ती बरी झाली. खाली चौकटीत तात्पर्य: विश्वास ठेवला तर येशू आपल्याला बरे करतो. ते तात्पर्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. या मुलीने त्यातून सरळ हिशेब मांडला. आई बरी होत नाही, म्हणजे विश्वास कमी पडतो आहे, आणि तो कमी पडतोय तो माझाच. आईच्या दुखण्याचे ओझे मी त्या दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवले होते, तेही प्रभूच्या नावाने. त्या दिवशी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. उत्तर म्हणण्यासारखे काही नसणारच. तिला जवळ घेतले, एवढे आठवते.

घरी जाऊन मी मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा, पाचवा अध्याय काढला आणि एकविसाव्या ओवीपासून अध्याय संपेपर्यंत वाचला. शंभरदा ऐकलेला उतारा, पण त्या मुलीची वही डोळ्यांपुढे ठेवून वाचला तेव्हा तो वेगळाच निघाला.

सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो. त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दीतून ती स्त्री येते. बारा वर्षांचे तिचे दुखणे. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, जवळचे सगळे खर्चले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले, असे मार्क स्पष्ट लिहितो. ती मागून येऊन हात लावते, बरी होते, आणि येशू थांबतो. "माझ्या वस्त्रांना कोण शिवले?" शिष्य म्हणतात, एवढी गर्दी चेंगरते आहे आणि तू विचारतोस कोण शिवले? तो तरीही बघत राहतो. ती थरथरत पुढे येते आणि त्याला सगळे सांगते. तो तिला "मुली" म्हणतो.

हे सगळे चालले असताना याईर कुठे आहे? तिथेच उभा आहे. त्याची मुलगी घरी शेवटचे श्वास घेते आहे, एकेक क्षण मोलाचा, आणि प्रभू दुसऱ्याच कोणाशी बोलत थांबला आहे, तिला मुलगी म्हणतो आहे. तो बोलत असतानाच निरोप येतो: तुमची मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला? "भिऊ नकोस, विश्वास मात्र धर" हे वाक्य त्यानंतरचे आहे. ज्याच्यासाठी उशीर झाला आहे, ज्याची आशा नुकतीच मोडली आहे, त्याला ते म्हटले आहे. ती काही औषधाची मात्रा नव्हे. एका बापाचा हात धरून पुढे चालत राहण्यासाठी उच्चारलेला तो शब्द आहे.

आमच्या पुस्तकात याईर नाही. त्याचा धडा वेगळा, आठ पाने पुढे. मार्कने एकात एक गुंफलेल्या दोन घटना आम्ही सोडवून सुट्या केल्या आणि प्रत्येकीला एकेक तात्पर्य चिकटवले. बारा वर्षांचे दुखणे आणि बारा वर्षांची मुलगी हा धागा त्यात तुटला. वाट पाहणारा बाप नाहीसा झाला. आणि आईच्या उशाशी वाट पाहत बसणाऱ्या मुलीला जे ऐकायला हवे होते, नेमके तेच गेले.

माझे पहिले मागणे यातूनच येते. गोष्टीचा सारांश नको, मुलांच्या हाती मूळ उतारा द्या. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'देई वेर्बुम' (देवाचे वचन) हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ख्रिस्तसभेने पवित्र शास्त्राला नेहमीच प्रभूच्या शरीरासारखा मान दिला आहे, असे त्यात म्हटले आहे. शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज हाती यावे, असेही म्हटले आहे. शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान, हे संत जेरोमचे वचन त्यात उद्धृत आहे. ज्याला प्रभूच्या शरीरासारखा मान द्यायचा, त्याच्या आपण सहा ओळी करतो आणि खाली रिकाम्या जागा भरायला देतो. "त्या स्त्रीने येशूच्या ____ ला हात लावला." मुले 'वस्त्रा' लिहितात, आपण बरोबरची खूण करतो. ती स्त्री थरथरत का होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मुलांना मूळ उतारा झेपणार नाही, असे मला अनेकदा सांगितले गेले. माझा अनुभव उलट आहे. सारांशात मुले कंटाळतात, कारण तिथे शोधण्यासारखे काही उरलेले नसते. मूळ उतारा सावकाश वाचा, त्यांचे कान टवकारतात. उठलेल्या मुलीला काहीतरी खायला द्या, असे येशू शेवटी सांगतो. एवढे मोठे काम केल्यावर त्याला तिची भूक आठवते! पुस्तकाने हे वाक्य गाळले आहे. मुलांच्या ध्यानात मात्र नेमके हेच राहते.

आता विश्वासाविषयी. विश्वास आणि चमत्कार यांचा संबंध नाही, असे मला म्हणायचे नाही. नासरेथमध्ये तिथल्या लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारशी महत्कृत्ये करता आली नाहीत, हे मार्कच सांगतो. पण विश्वास हे चमत्काराचे मोल आहे, तेवढे मोजले की माल हाती पडतो, असे शुभवर्तमानात कुठेही नाही. छत उघडून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या वेळी येशूने त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. एकुलता मुलगा गेलेल्या नाईन गावच्या विधवेने काही मागितलेच नव्हते. तिचे रडणे पाहून येशूचा जीव कळवळला आणि त्याने तिच्या मुलाला उठवले. बेथेस्दाच्या तळ्याशी पडून असलेल्या, अडतीस वर्षे आजारी माणसाला आपल्याला बरे कोणी केले हेसुद्धा ठाऊक नव्हते. आणि महायाजकाच्या ज्या दासाचा कान येशूने बरा केला, तो तर त्याला धरायला आलेल्यांपैकी होता. एका आजारी मुलाचा बाप म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा," आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही मुलगा बरा झाला. हे सगळे उतारे शेजारी शेजारी ठेवले, तर फळ्यावरचे माझे वाक्य टिकत नाही. पण ते शेजारी ठेवायला आम्हाला कोणी शिकवलेच नाही.

न मिळालेल्या चमत्कारांचे काय? त्यांना आमच्या अभ्यासक्रमात एकही पान नाही. शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. अटकेआधी गेथसेमानीत स्वतः येशूने दुःखाचा प्याला दूर करण्याची प्रार्थना केली. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात येशूच्या चिन्हांविषयी परिच्छेद आहेत, ५४७ ते ५५०. येशूने काही जणांना भूक, अन्याय, आजार आणि मरण यांतून सोडवले, पण इथली सगळी दुःखे मिटवण्यासाठी तो आला नव्हता. सर्वांत मोठ्या गुलामीतून, पापातून, माणसाला सोडवायला तो आला, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य प्रत्येक धर्मशिक्षकाला तोंडपाठ हवे. रुग्णाईत घरातल्या मुलाला ते लगेच ऐकवावे म्हणून नव्हे. आपण फळ्यावर काय लिहितो याचे भान राहावे म्हणून.

दुसऱ्या बाजूची चूक मला तितकीच सलते. काही शिबिरांत आम्हाला सांगण्यात आले की आजची मुले विज्ञान शिकतात, तेव्हा चमत्कार त्यांना पटेल असा समजावून द्या. म्हणजे पाच हजारांना जेवू घातले तेव्हा लोकांनी आपापल्या शिदोऱ्या लपवून ठेवल्या होत्या, एका मुलाने पाच भाकरी पुढे केल्या, ते पाहून सगळ्यांना लाज वाटली आणि सगळ्यांनी वाटून खाल्ले. खरा चमत्कार काय, तर माणसांची मने बदलली.

हे ऐकायला गोड आहे, मुलांना पटतेही. मीही दोन वर्षे असेच शिकवले. पण चारही शुभवर्तमाने उघडून पाहा. येशूच्या पुनरुत्थानाआधीचा चारही ठिकाणी आलेला हा एकच चमत्कार, आणि लपवलेल्या शिदोऱ्या चारांपैकी एकाही ठिकाणी नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप्प हा शिष्य हिशेब करतो: दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाला थोडे थोडेसुद्धा मिळणार नाही. आंद्रिया त्या मुलाकडे बोट दाखवून लगेच म्हणतो, पण एवढ्यांना हे कसे पुरणार? जेवणानंतर लोक येशूला बळजबरीने धरून राजा करायला निघतात. शिदोरी वाटून खाल्ली म्हणून कोणी कोणाला राजा करत नाही.

शिवाय या स्पष्टीकरणाने उताऱ्यातले सगळे हाती येण्याजोगे धन निसटते. योहान भाकरी जवाच्या होत्या असे मुद्दाम सांगतो. जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, अलीशा संदेष्टा जवाच्या वीस भाकरींनी शंभर माणसांना जेवू घालतो आणि वर काही उरते. ज्याच्या कानांत ती गोष्ट होती, त्या माणसाला जवाच्या पाच भाकरी आणि उरलेल्या बारा टोपल्या ऐकून काय वाटले असेल! म्हणून तर लोक म्हणतात, जगात येणारा संदेष्टा तो हाच. मार्क हिरव्या गवताचा उल्लेख करतो, आणि "तो मला हिरव्या कुरणात बसवतो" हे स्तोत्र आठवल्यावाचून राहत नाही. मग ती क्रियापदे: भाकरी घेतल्या, आशीर्वाद दिला, मोडल्या, दिल्या. शेवटच्या भोजनाच्या वेळी हीच. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवरच्या घरातही हीच. दर मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादरांच्या तोंडून मुले हीच ऐकतात. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात मी हे चार शब्द फळ्यावर लिहिले आणि पुढच्या रविवारी मिस्सामध्ये ओळखायला सांगितले. एका मुलाने अर्पणप्रार्थनेच्या मध्येच मागे वळून माझ्याकडे पाहिले, डोळे एवढे मोठे करून. त्याला "सगळ्यांनी वाटून खावे" एवढेच शिकवले असते, तर तो मागे वळला नसता.

मोठ्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात. दृढीकरणाच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, यरीहोजवळ मार्कमध्ये एक आंधळा आहे, मत्तयात दोन. लूकमध्ये येशू गावाजवळ येत असताना हे घडते, मार्कमध्ये गावातून निघताना. मग खरे कोणाचे? अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण एक तर मुलाला गप्प करतात, नाही तर घाबरून म्हणतात, ते काय, गोष्टीच आहेत. दोन्हीची गरज नाही. १९६४ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने आणि पाठोपाठ 'देई वेर्बुम'ने हे स्पष्ट केले आहे. शुभवर्तमाने ऐतिहासिक आहेत, यावर ख्रिस्तसभा ठाम आहे. पण येशूने जे केले आणि शिकवले, प्रेषितांनी ज्याची घोषणा केली, आणि शुभवर्तमानकारांनी त्यातून निवडून, थोडक्यात आणून, आपापल्या मंडळींची गरज पाहून जे लिहिले, असे तीन टप्पे त्यामागे आहेत. त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चौघांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही." त्याच्या विश्वासाला तडा गेला नाही, उलट त्याला बळ मिळाले. हे मला माहीत होते, कारण मी स्वतःहून वाचले होते. शिबिरात कोणी सांगितले नव्हते.

आपल्या भाषेत एक म्हण आहे: चमत्कारावाचून नमस्कार नाही. धर्मशिक्षणात नकळत आपण याच म्हणीवर चाललो आहोत. येशूने चमत्कार केले, म्हणून तो देव. देव आहे, म्हणून त्याला नमस्कार. पण असा नमस्कार येशूने सतत नाकारला. सैतानाने सुचवले तरी धोंड्यांच्या भाकरी केल्या नाहीत. परूश्यांनी चिन्ह मागितले तेव्हा उसासा टाकून नाही म्हणाला. राजा हेरोदला काही करून दाखवायला हवे होते, त्याच्यापुढे तोंडही उघडले नाही. "वधस्तंभावरून खाली उतर, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू," असे म्हणणाऱ्यांसाठी खाली उतरला नाही. योहान आपल्या शुभवर्तमानात 'चिन्ह' हा शब्द वापरतो, आणि चिन्ह वाचायचे असते. संत ऑगस्टीन भाकरींच्या उताऱ्यावर प्रवचन करताना म्हणतो की सुंदर अक्षर पाहून लिहिणाऱ्याच्या हाताची वाहवा करून भागत नाही, काय लिहिले आहे तेही वाचावे लागते. आपण मुलांना अक्षर दाखवतो, वाहवा करायला लावतो आणि पान मिटतो.

बेथसैदाच्या आंधळ्याचा उतारा कोणत्याच इयत्तेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. तो फक्त मार्कमध्ये आहे. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसते का? तो म्हणतो, माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, मग त्याला लख्ख दिसते. गाळण्याचे कारण मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की पहिल्यांदा नीट झाले नाही हे मुलांना गोंधळात टाकेल. पण लगेच पुढे पेत्र म्हणतो, "आपण ख्रिस्त आहात," आणि दुःखसहनाची गोष्ट निघताच येशूलाच दटावतो. त्यालाही तेव्हा चालती झाडेच दिसत होती. वर्गातल्या मुलांना तशीच दिसतात, आणि शिकवणाऱ्या मलाही. प्रभू त्यावर रागावत नाही, पुन्हा हात ठेवतो. हा उतारा मुलांपासून कशासाठी दूर ठेवायचा?

प्रशिक्षणाविषयी थोडक्यात लिहिते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत रीतसर स्थान दिले. त्याआधी २०१९ मध्ये त्यांनी सामान्य काळातला (सण-उपवासांचे काळ सोडून उरलेल्या दिवसांतला) तिसरा रविवार देवाच्या वचनाचा रविवार म्हणून ठरवून दिला. आमच्याकडे त्या रविवारी बायबल सजवून मिरवणुकीने आणतात, याचा मला आनंदच आहे. पण वर्ग घेणाऱ्याला वर्षातून अर्ध्या दिवसाचे शिबिर मिळते, आणि त्यातला निम्मा वेळ हजेरी, वेळापत्रक आणि स्नेहसंमेलन यांत जातो. दर महिन्याला एक उतारा आम्ही धर्मशिक्षक फादरांबरोबर बसून दीड तास वाचू, एवढी सोय करा. व्याख्यान नको, सोबत बसून वाचन हवे.

पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जाणार आहे असे कळते. मार्क ५:२१-४३ हा उतारा त्यात पूर्ण, जसाच्या तसा छापावा. त्याला दीड पान लागेल. दोन वेगळे धडे आणि त्यांचे प्रश्न काढले की जागा होते. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ब वर्षात, सामान्य काळातल्या तेराव्या रविवारी हाच उतारा मिस्सामध्ये असतो. तिथे त्या स्त्रीला वगळून संक्षिप्त वाचनही चालते. फादरांना विनंती की मुले समोर असताना पूर्णच वाचावे.

त्या मुलीच्या वर्गात मी पुढच्या रविवारी फळा पुसला, गेल्या वेळचे वाक्य चुकले होते असे मुलांना सांगितले, आणि बायबल उघडून हा उतारा अगदी सावकाश वाचला. ती दुसऱ्या बाकावर होती. येशू त्या स्त्रीशी बोलतो तिथे तिने हात वर केला आणि विचारले, "मग एवढा वेळ याईर तिथेच उभा होता?" मी म्हटले, हो, तिथेच. ती म्हणाली, "त्याला भीती वाटली असेल." मी म्हटले, वाटली असेल, म्हणून तर येशू त्याला भिऊ नकोस म्हणतो. पुढे तिने काही विचारले नाही. उतारा संपेपर्यंत तिने माझ्या पुस्तकावरची नजर हलवली नाही.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका